वाडीतली ११ पोरांची शाळा: ठेवायची की समूह शाळेत घालायची?

पऱ्याकाठचा (३ ऑगस्ट, रात्री १०:५०)

नमस्कार मंडळी. येत्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत आमच्या वाडीतल्या जिल्हा परिषद शाळेचा विषय निघणार आहे. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, कोकणातलं आहे एवढं पुरे. पहिली ते पाचवी, पट ११, शिक्षक दोन. गेल्या महिन्यात साहेब येऊन सांगून गेले की शाळा व्यवस्थापन समितीने ठराव दिला तर पोरं साडेचार किलोमीटरवरच्या समूह शाळेत, म्हणजे आजूबाजूच्या लहान शाळा एकत्र करून केलेल्या मोठ्या शाळेत जातील, गाडीची सोय होईल. मी पुण्यात नोकरीला. पण शाळेची जागा आमच्या आजोबांनी दिलेली, म्हणून भावकीने मला विचारलंय.

खरं सांगायचं तर माझं मत ठरत नाहीये. हिशोब मांडून बघितला. दोन्ही गुरुजी जुने, दोघांचा पगार मिळून दीड लाखाच्या आसपास. भागिले ११, म्हणजे एका पोरामागे महिन्याला साडेतेरा हजार! एवढ्यात पुण्यात बरी इंग्रजी शाळा होते. दुसरीकडे, मी स्वतः त्याच शाळेत शिकलो. तेव्हा पट ५४ होता.

तुमच्याकडे असं झालंय का? काय केलंत?

खवचट_काका

शेंगदाणे-फुटाणे घेऊन पहिल्या रांगेत बसलोय. चालू द्या.

अर्थपंत

भावना बाजूला ठेवा. २०२३ साली समूह शाळांचे प्रस्ताव मागवले तेव्हा जाहीर झालेला आकडा बघा: राज्यात २० पेक्षा कमी पटाच्या शाळा १४,७८३, त्यात मुलं १,८५,४६७ आणि शिक्षक २९,७०७. सहा पोरांमागे एक गुरुजी. त्याच वेळी शहरालगतच्या जिल्हा परिषद शाळांत एकेका वर्गात साठ-साठ मुलं कोंबलेली आणि पदं रिक्त. तुमच्या वाडीतला दुसरा गुरुजी तिथे गेला तर साठ पोरांचं भलं होईल.

शिवाय पैसा सोडा, मुलांचं काय? पाच इयत्ता, ११ पोरं, म्हणजे एका इयत्तेत दोन. कबड्डीला एका बाजूला सात लागतात. तुमच्या शाळेत दोन संघसुद्धा होत नाहीत. पाचवीतली मुलगी वर्षभर एकटीच पहिली येणार आणि एकटीच शेवटची.

खवचट_काका

आमच्या वेळी असं असतं तर मीही पहिला आलो असतो हो पंत.

निवृत्त_हेडमास्तर

धागाकर्ते, तुमचा साडेतेरा हजारांचा हिशोब चुकला. भागाकार बरोबर आहे, पण भाज्यच चुकीचं घेतलंत.

पगार शिक्षकाचा असतो, शाळेचा नसतो. शाळा बंद झाली तर तो अतिरिक्त ठरून समायोजनाने दुसऱ्या शाळेत जातो, पगार चालूच राहतो. मग वाचलं काय? शाळेच्या नावावर म्हणून जे येतं ते वाचलं. ते किती? समग्र शिक्षा या सरकारी योजनेचं संयुक्त शाळा अनुदान, ३० पर्यंत पट असेल तर वर्षाला १० हजार. त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर. उरलेल्यात खडू, रजिस्टर, झाडू, विजेचं बिल, फुटलेलं कौल, पाण्याच्या टाकीची तोटी. ११ ने भागा, पोरामागे वर्षाला ९०९ रुपये. महिन्याला नाही, वर्षाला.

आता गाडी. समग्र शिक्षात वाहतूक भत्ता मुलामागे वर्षाला सहा हजारांपर्यंत. ११ मुलांचे ६६ हजार. म्हणजे १० हजार वाचवायला ६६ हजार खर्च. ३४ वर्षं नोकरी केली, पण असली बचत मला कधी जमली नाही.

अर्थपंत

सर, मान्य, पण अर्धंच. अतिरिक्त शिक्षक रिक्त जागेवर गेला की तिथली नवी भरती वाचते. बचत राज्याच्या पातळीवर दिसते, वाडीच्या पातळीवर नाही.

निवृत्त_हेडमास्तर

बरोबर. आणि पोर मात्र वाडीच्या पातळीवर राहतं.

आबोली

मला एकच विचारायचंय. गाडी दारात येणार का? सहा वर्षांच्या पोरीला मी पावसात कुठपर्यंत सोडायला जायचं? माझं माहेर कोकणातलंच आहे, म्हणून विचारते. कागदावर गाडी "वाडीत" येते आणि प्रत्यक्षात वरच्या रस्त्याला उभी राहून हॉर्न मारते.

पऱ्याकाठचा

@आबोली, चांगला प्रश्न. उद्या फोन करून विचारतो.

खडू_फळा

मी अशाच एका शाळेवर आहे. पट १४, मी आणि एक मॅडम. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं काय आराम आहे! गेल्या महिन्यात माझे नऊ दिवस मतदार यादीच्या कामात गेले. त्या नऊ दिवसांत पाचही इयत्ता मॅडमकडे. त्या बैठकीला गेल्या की सगळं माझ्याकडे. दोन शिक्षक हा आकडा कागदावरचा आहे, पोरांना बहुतेक दिवस एकच गुरुजी दिसतो. शिक्षण हक्क कायद्यात ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक म्हटलंय ते उगाच नाही. एक गेला की शाळेला कुलूप लागू नये म्हणून दुसरा.

धोरण म्हणाल तर आम्ही आता जीआर वाचायच्या आधी तारीख वाचतो. २०१७ साली दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा स्थलांतरित करायचं ठरलं. २०२४ च्या मार्चमध्ये संचमान्यतेचे, म्हणजे कुठल्या शाळेला किती शिक्षक ते ठरवायचे, निकष बदलले, सहावी ते आठवीला २० पेक्षा कमी मुलं असली तर शिक्षक शून्य. मुलं आहेत, शिक्षक शून्य! त्याच सप्टेंबरात कमी पटाच्या शाळांवर १५ हजार मानधनाचा कंत्राटी शिक्षक नेमायचं ठरलं, २५ तारखेला आम्ही सगळे सामूहिक रजेवर गेलो, पुढच्या फेब्रुवारीत तो निर्णय रद्द. मग २०२५ च्या १ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाचा टीईटीचा (शिक्षक पात्रता परीक्षेचा) निकाल. निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त असतील तर दोन वर्षांत टीईटी पास व्हा. आमच्या केंद्रात एक गुरुजी नातवाशेजारी बसून बालमानसशास्त्र पाठ करतायत.

खवचट_काका

आणि गणवेशाचं विसरलात का गुरुजी? एक राज्य, एक गणवेश, एकच माप. माझ्या पुतण्याच्या हाफ पँटीत दोन पुतणे मावले असते.

खडू_फळा

:)) ते २०२४ च्या डिसेंबरात परत समितीकडे आलं. आता निदान पँट कमरेवर राहते.

भुरगो_गोंयचो

आमच्या गोव्यात या सगळ्याला भाषेची फोडणी आहे. १९९० साली शशिकलाताई काकोडकर शिक्षणमंत्री असताना ठरलं की प्राथमिकला अनुदान मिळेल ते मातृभाषेतून शिकवणाऱ्या शाळांनाच. चर्चच्या शाळांनी रातोरात इंग्रजी सोडून कोंकणी धरली. २०११ मध्ये दिगंबर कामत सरकारने इंग्रजीचंही अनुदान मोकळं केलं, तशा त्या परत इंग्रजीकडे वळल्या. मातृभाषेतल्या शिक्षणाचा आग्रह धरणारा भाषा सुरक्षा मंच रस्त्यावर उतरला, सरकार बदललं, अनुदान काही बदललं नाही. गावातल्या मराठी आणि कोंकणी सरकारी शाळा एकेक करून ओस पडल्या. आमच्या वाड्यावरच्या शाळेत आता पंचायतीच्या खुर्च्या ठेवतात.

सांगायचं काय, तर पट आपोआप कमी होत नाही हो. पैसा कुठल्या बाजूला सोडलाय ते बघा, पोरं त्याच उतारावरून गेलेली असतात.

मुलुंडकर

भुरगो यांना +१. आमच्याकडे शिक्षण हक्क कायद्यातल्या २५ टक्के राखीव जागांचा खेळ बघा. खासगी शाळेत गरिबाचं पोर घेतलं की सरकार शाळेला १७,६७० रुपये वर्षाला देतं. देतं म्हणजे देणं लागतं. थकबाकीवरून शाळा रडतात. मग २०२४ च्या फेब्रुवारीत नियमच बदलला: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगीला ही मुलं घ्यायची गरज नाही. जुलैमध्ये उच्च न्यायालयाने तो रद्द केला. गंमत बघा, शहरात "जवळ सरकारी शाळा आहे ना, तिथे जा" म्हणायचं आणि गावात तीच जवळची शाळा उचलायची.

एडिसनचा_बंड्या

इथे न्यू जर्सीत शाळेचा पैसा बराचसा घरपट्टीतून येतो. आमच्या बिलातला निम्म्याहून जास्त भाग शाळांचा. त्यामुळे महागड्या घरांच्या गावात शाळा श्रीमंत आणि कॅम्डनसारख्या ठिकाणी कंगाल. त्यावर 'अ‍ॅबट विरुद्ध बर्क' नावाचा खटला कित्येक वर्षं चालला. १९९० मध्ये इथल्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की गरीब शहरांतल्या मुलांवर श्रीमंत गावांइतका खर्च झालाच पाहिजे, तोही राज्याने करायचा. तुमच्याकडे पैसा राज्यातून येतो हे तसं...

खवचट_काका

आली, अमेरिका आली. कुठल्याही धाग्याच्या वीस प्रतिसादांत येते, मी पैज मारली होती.

एडिसनचा_बंड्या

काका, मी वाक्य पुरं करतो: ...चांगलं आहे, एवढंच म्हणायचं होतं.

सातपुड्याकडचा

मी नंदुरबारमधल्या धडगाव भागातला. समूह शाळेचं बोलताना साहेब लोक पानशेत आणि तोरणमाळची उदाहरणं देतात. तोरणमाळची मी पाहिली आहे. निवासी आहे, इमारत चांगली आहे, मुलं जेवतात, शिकतात. वाईट बोलणार नाही. मी स्वतः आश्रमशाळेत शिकून इथवर आलो.

पण आमच्या पाड्यांवर काय होतं ते सांगतो. पाड्याची शाळा गेली की मोठा मुलगा वसतिगृहात जातो. मुलगी घरी राहते, कारण धाकटं सांभाळायचं असतं. पूर्वी ती धाकट्याला कडेवर घेऊन शाळेत बसायची. गुरुजी काही म्हणत नसत. धाकटं रांगत रांगत पाटीपर्यंत जायचं. साडेचार किलोमीटरच्या गाडीत धाकट्याला कोण बसवून घेईल? ती मुलगी यादीत "गळती" म्हणून पण येत नाही, तिचं नाव दोन वर्षं मोठ्या शाळेच्या पटावर असतंच.

आबोली

सातपुड्याकडचा, हे वाचून मी जरा वेळ तशीच बसले.

अर्थपंत

हा मुद्दा मला माहीत नव्हता, कबूल करतो. पण मग उत्तर "आहे तसं चालू द्या" असंच का? वाबळेवाडीची शाळा बघा, जिल्हा परिषदेचीच, प्रवेशाला रांग लागायची.

निवृत्त_हेडमास्तर

पंत, वाबळेवाडी शिक्रापूरजवळ आहे. लोकांनी जमीन दिली, वर्गणी दिली, कंपन्यांनी मदत केली, शिक्षक झपाटलेले होते. धागाकर्त्यांच्या वाडीजवळ कुठली कंपनी आहे? काजूची फॅक्टरी?

आणि दात्यांचा रस्ताही सरकारने काढून पाहिलाय. २०२३ ची दत्तक शाळा योजना. गावातली शाळा पाच वर्षांसाठी दत्तक घ्यायची तर ५० लाखांच्या वस्तू आणि सेवा द्या, दहा वर्षांसाठी एक कोटी, आणि हवं तर शाळेला आपलं नाव जोडा. ११ पोरांच्या शाळेला कोण जोडणार नाव?

खवचट_काका

मी तयार आहे. "खवचटकाका प्राथमिक विद्यामंदिर". पन्नास लाखांचे शेंगदाणे घेऊन येतो.

जुनी_पोथी

अवांतर, पण फार नाही. १८८२ मध्ये इंग्रज सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं, त्यातली मुख्य तक्रार हीच होती: महसूल रयतेच्या घामाचा आणि खर्च वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर. खेड्यातल्या प्राथमिक शाळेला त्यातलं फारच थोडं. त्यांनी प्राथमिक शिक्षकांचा पगार वाढवा असंही मागितलं होतं. शाहू महाराजांनी १९१७ ला कोल्हापुरात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तेव्हा पोराला शाळेत न पाठवणाऱ्या बापाला दंड होता. सक्ती बापावर होती, पण आधी शाळा गावात नेऊन दिली होती.

पुढे कोठारी आयोगाने १९६६ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के शिक्षणावर खर्च करा म्हटलं. २०२० च्या धोरणातही तेच सहा टक्के आहेत. आमच्या घरातल्या पंचांगासारखं झालंय, दरवर्षी नवं येतं, मुहूर्त तेच.

शिरवळची_सुमन

सगळे पुरुष पगार आणि आकडे बोलतायत. शाळेत खिचडी कोण करतं ते कुणी विचारलं का? मी चार वर्षं केली. महिन्याला अडीच हजार मानधन, तेही दोन-तीन महिने मिळून एकदम. एका पोराच्या जेवणाला तांदूळ सोडून दिवसाला ६ रुपये ७८ पैसे, तेही २०२५ च्या मेपासून, आधी त्याहून कमी. आठवड्याला अंडं सुरू केलं होतं, पोरं बुधवारची वाट बघायची. मग सरकारने अंड्याचे पैसे बंद केले, लोकवर्गणीतून द्या म्हणाले. आमच्याकडे सरपंचांनी तीन बुधवार दिली. चौथ्या बुधवारी पोरं ताट घेऊन माझ्या तोंडाकडे बघत होती. मी काय सांगणार.

शाळा बंद झाली की त्या वाडीतल्या बाईचे ते अडीच हजार पण जातात. ते कुणाच्या हिशोबात नाहीत.

पऱ्याकाठचा

@सुमनताई, खरंय. आमच्याकडे खिचडी माझी चुलत वहिनीच करते आणि ते मी हिशोबात धरलं नव्हतं. लाज वाटली.

@आबोली, फोन केला. गाडी वाडीत येणार नाही. वरच्या डांबरी रस्त्याला थांबणार. वाडीपासून तिथपर्यंत सव्वा किलोमीटर चढ आणि मध्ये आमचा पऱ्या, म्हणजे ओढा. त्यावरचा साकव (छोटा पूल) दोन पावसाळ्यांपूर्वी वाहून गेला. आता पोफळीचे दोन ओंडके टाकलेत. मोठी माणसं जातात. जुलै-ऑगस्टमध्ये पाणी चढलं की मोठीपण जात नाहीत. मी लहानपणी त्याच पऱ्यात पडलेलो, आजोबांनी दप्तर पकडून वर काढलं होतं. प्रस्तावात "अंतर ४.५ किमी, वाहतूक उपलब्ध, नैसर्गिक अडथळा नाही" असं लिहिलंय.

आबोली

वाटलंच होतं.

खडू_फळा

"नैसर्गिक अडथळा नाही" हा रकाना भरणाऱ्याने उन्हाळ्यात भरलाय.

स्पष्टवक्ती

धागाकर्ते, राग मानू नका. तुमची मुलं कुठल्या शाळेत आहेत?

पऱ्याकाठचा

राग कसला. मुलगा इंग्रजी माध्यमात, खासगी. वर्षाला ८५ हजार, बस वेगळी. वाडीतल्या चार घरांनीही पोरांना तालुक्याच्या इंग्रजी शाळेत घातलंय. ती चार घरं धरली तर पट १७ झाला असता. माझं धरून १८. म्हणून तर मत ठरत नव्हतं. तिथे उभं राहून "शाळा वाचवा" म्हणायला मला तोंड कुठलं?

स्पष्टवक्ती

प्रामाणिक उत्तर. आता मलाही पुढे काही बोलता येत नाही, माझीही दोन तिथेच आहेत.

अर्थपंत

मी माझा मुद्दा जरा दुरुस्त करतो. मोठी शाळा चांगली, हे मी अजूनही म्हणतो. पण क्रम उलटा आहे. आधी रस्ता, मग गाडी, मग एक वर्ष गाडी वेळेवर येते का ते बघायचं आणि त्यानंतर शाळेचा विचार. इथे पहिलं काम शाळेला कुलूप आणि बाकी सगळं "सोय होईल". भविष्यकाळावर ठराव देऊ नका.

निवृत्त_हेडमास्तर

पंतांशी पूर्ण सहमत होण्याचा हा दिवस डायरीत लिहून ठेवतो. धागाकर्ते, ग्रामसभेत एक करा. समितीत पालक जास्त असतात, त्यात निम्म्या बायका हव्यात. त्या बायकांना बोलू द्या. आणि प्रस्तावाची प्रत मागा, तोंडी ऐकू नका.

पऱ्याकाठचा (१७ ऑगस्ट, सकाळी ७:१५)

परवा ग्रामसभा झाली. लिहायला उशीर झाला, कारण काल दिवसभर रेंज नव्हती.

झेंडावंदन झालं, जिलेबी वाटली, सभा सुरू झाली. शाळेतच होती सभा, त्याच खोलीत. २०२० च्या निसर्ग वादळात हिचे पत्रे उडाले होते, ते नंतर बसवले, पण एका कोपऱ्यात अजून गळतं. तिथे बादली ठेवलेली. साहेब बोलायला उभे राहिले की मध्येच टप् टप्. ते चांगले माणूस आहेत, हे सांगायला हवं. म्हणाले, मला वरून विचारणा आहे, मी काय करू.

मी भाषण तयार करून नेलं होतं, ९०९ रुपये आणि ६६ हजार सगळं. बोलायची वेळच आली नाही. वहिनी उठली. ती म्हणाली, "साहेब, आकडं ऱ्हाऊ देत. पाऊस हाय तोवर चला माज्यासंगं पऱ्यापातूर." आणि निघाली. सभा अर्धी ठेवून वीस-पंचवीस माणसं छत्र्या घेऊन मागे. साहेबांना जावंच लागलं. पाणी ओंडक्यांना टेकलं होतं. चौथीतली एक पोरगी भाव खात ओंडक्यावरून पलीकडे जाऊन परत आली, तर तिच्या आईने तिथेच एक ठेवून दिली. साहेबांनी मोबाइलवर दोन फोटो काढले आणि बूट काढून हातात घेतले. ओंडक्यावर पाय मात्र ठेवला नाही.

परत येऊन ठराव झाला: साकव पक्का होऊन गाडी वाडीपर्यंत येत नाही तोवर शाळा हलवायला समितीची संमती नाही. साहेबांनी अंतराच्या रकान्यात स्वतःच्या हाताने "मध्ये ओढा" लिहिलं. वरती काय होईल देव जाणे. इंग्रजी शाळेवाल्या चार घरांपैकी एकाने, पुढच्या वर्षी धाकटीला इथेच घालतो, असं सगळ्यांसमोर म्हटलंय. जिलेबी खाल्ल्यावर म्हटलंय, त्यामुळे बघू.

खवचट_काका

वहिनींना माझा दंडवत. शेंगदाणे पाठवतो, पन्नास लाखांचे नाही, पायलीभर.

सातपुड्याकडचा

ठरावाची भाषा जशीच्या तशी टाकाल का? आमच्या दोन पाड्यांना लागणार आहे. ओढ्याऐवजी आम्ही नाला लिहू.

खडू_फळा

मलाही. आणि साकव कुठल्या योजनेतून मागताय? डोंगरी विकासमध्ये बसत असेल तर या महिन्यातच प्रस्ताव टाका, दिवाळीनंतर कुणी विचारत नाही.

पऱ्याकाठचा

ठराव संध्याकाळी टाइप करून टाकतो. डोंगरी विकासचं ग्रामसेवकांना विचारलं, ते म्हणाले अंदाजपत्रक लागेल, त्याला अभियंता येऊन बघून जायला हवा. पाऊस थांबल्यावर येतो म्हणालाय.

आबोली

पावसातच बोलवा त्याला!